पंचाण्णवाव्या स्तोत्राची चाल

बाईंचा निरोप आला तेव्हा मी पेटी उघडून बसलो होतो. उंदरानं भात्याची घडी कुरतडली होती आणि हवा भसाभस निघून जात होती. फोनवर बाई म्हणाल्या, "पेटी राहू दे, तू नुसता ये. एका स्तोत्राला चाल लावायची आहे."

प्रकरण तसं एवढंच. बाईंना ऐंशी पूर्ण होणार होती, घरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची सभा ठेवायची होती, आणि तीत बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं ९५ वं स्तोत्र मराठीतून, सगळ्यांनी मिळून गायचं होतं. अकरा वचनं, वीसेक माणसं, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घराचा एक दिवाणखाना. दोन बैठकीत उरकेल असं मला वाटलं. पाच आठवडे लागले आणि दोन चाली मोडल्या. कुठे काय चुकलं ते क्रमानं लिहून ठेवतो. भजनाला साथ करणाऱ्यांना त्यातलं थोडंफार कामाला येईल.

बाई मला पाचवीत मराठी शिकवायच्या, म्हणून त्यांच्यापुढे अजूनही मी "अरे". माहेर नगर जिल्ह्यातलं. लहानपणी गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, टाळ-मृदंगावर ख्रिस्ती भजनं ऐकलेली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, पण त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणलेलं अभंगाचं वळण नगरकडे रुजलेलं होतं, आणि बाईंच्या कानात ते पक्कं बसलेलं. लग्न होऊन ग्वाल्हेरला आल्या तेव्हापासून रविवारची भक्ती शहरातल्याच मुरारच्या चर्चमध्ये, हिंदीतून. मराठी प्रार्थना उरली ती घरात. मी एजी, म्हणजे महालेखाकार ऑफिसातून निवृत्त झालेला, गणपतीत आरत्या म्हणणारा माणूस. चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी धरतो. ख्रिस्ती उपासनेतलं मला काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "म्हणूनच तुला बोलावलं. कळणारे आपसात भांडतायत."

भांडण खरंच होतं. नातू पुण्याहून कहोन (वर बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका) आणि कीबोर्ड घेऊन येणार होता आणि त्याला घर दणाणून सोडायचं होतं. भोपाळच्या जाऊबाईंचं म्हणणं की देवापुढे नम्रपणे, हळू आवाजात, शक्यतो बसून गावं. टाळ्या नकोत, तबला तर नकोच. दोघंही आपल्या बाजूनं ९५ व्या स्तोत्राकडेच बोट दाखवत होते. कारण स्तोत्रच तसं आहे. सुरुवात जयघोषानं: या, मोठ्यानं गाऊ, आपल्या तारणाच्या खडकाचा, म्हणजे देवाचा, गजर करू. सहाव्या वचनात एकदम: या, लवून नमन करू, गुडघे टेकू. आणि सातव्याच्या शेवटाला बोलणाराच बदलतो. तिथून देव बोलतो, आणि रागावून बोलतो.

बाईंनी स्तोत्र अभंगाच्या छंदात उतरवून ठेवलं होतं, शाळेच्या जुन्या वहीत, शिसपेन्सिलीनं:

या हो सर्व मिळू । गाऊ उच्च स्वरे ।
खडका आधारे । उभे राहू ॥
तयाच्या हातात । खोल भूमीतळ ।
पर्वत सकळ । समुद्रही ॥

पहिली चाल

मी भूप राग धरला. पाच स्वर, सरळ, कोणालाही गळ्यात बसतो. भजनी ठेका. काळी तीनवर सूर, आणि "या हो" थेट तार षड्जावर, हाक मारल्यासारखं. हे बरोबर होतं असं मला आजही वाटतं. मुरारच्या चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, थोडं हिब्रू येतं. त्यांनी सांगितलं की पहिल्या वचनात जे क्रियापद आहे ते नुसत्या गाण्याचं नाही, आरोळीचं आहे. लढाईत करतात ती आरोळी, आणि राजा निवडला गेल्यावर प्रजा करते ती. इस्राएलचा पहिला राजा म्हणून शौलाला पुढे आणलं तेव्हा लोकांनी हीच केली. असल्या शब्दाला मध्यसप्तकात गुणगुणून कसं चालेल?

घोळ झाला सहाव्या वचनाशी. बाईंचं कडवं असं:

या हो पडू पायी । गुडघे टेकून ।
माथा लववून । त्याच्यापुढे ॥

नम्रता आली म्हणजे गंभीर व्हायचं, हे माझ्या हाताला इतकं सवयीचं की विचार न करता मी इथे कोमल स्वर लावले. लय निम्मी केली, तोडीचा रंग दिला. स्वतःवर खूष होतो. बाईंनी पहिल्यांदा ऐकलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

मला कळेना.

"अरे, हे मयतीचं वाटतंय. इथे रडायचं काय कारण? पापासाठी रडायचं स्तोत्र वेगळं आहे, एकावन्नावं. तिथे लाव तुझी तोडी. इथे माणूस वाकतोय तो खुशीत वाकतोय."

मी तोवर एक चलाखीही केली होती. यमक नेटकं जमावं म्हणून गुडघे काढून टाकून "टेकवू हा माथा, तोच आम्हा त्राता" असं परस्पर बदललं होतं. वही हातात घेऊन बाईंनी ते खोडलं. पाळकसाहेबांना पुन्हा विचारायला लावलं, आणि ते निघालं असं: त्या एका वचनात वाकण्याची तीन क्रियापदं आहेत. एक संपूर्ण अंग जमिनीवर टाकायचं, एक कमरेत वाकायचं, एक गुडघ्यावर यायचं. तिसऱ्याच्या धातूची अक्षरं हिब्रूतल्या गुडघ्याच्या शब्दात आहेत आणि 'धन्य म्हणणे' या अर्थाच्या शब्दातही तीच आहेत. बाई म्हणाल्या, "पायी, गुडघे, माथा. तीन ते तीन. एकही कमी करायचं नाही."

माझ्या माथ्यात फक्त माथा होता. बिघाड तिथे होता हे नंतर लक्षात आलं. नम्रता म्हणजे मनातली एक भावना, आणि ती दाखवायला करुण स्वर, असं मी धरून चाललो होतो. स्तोत्रात भावनेचा शब्दच नाही. शरीर काय करतं तेवढं आहे: तोंड ओरडतं, गुडघे वाकतात.

दुसरी चाल, आणि जाऊबाईंची खिडकी

मग मला आरती आठवली. आपल्याकडे घालीन लोटांगण म्हणताना काय होतं बघा. शब्द जमिनीवर पडण्याचे, आणि नेमकी तिथेच लय चढते, टाळ्या जोरात पडतात, माणसं जागच्या जागी स्वतःभोवती फिरतात. लहानपणापासून केलेलं, पण शब्द आणि लय उलट दिशांना जातात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. की उलट जातच नाहीत? मी बाईंना म्हटलं, हेच करू. भूप तोच ठेवू, सहाव्या वचनाला ठेका दुप्पट.

नातू तोपर्यंत येऊन दाखल झाला होता. "आजी, ये तो एकदम फिट जमतंय," म्हणाला आणि कहोनवर बसला. पोराचा हात चांगला आहे, गळाही. ग्वाल्हेरचं पाणी, त्यात दोन वर्षं शास्त्रीय शिकलेला. "समुद्रही" वर त्यानं एक सपाट तान घेतली, तार पंचमापासून खालच्या षड्जापर्यंत, एका दमात. मी पेटीवरून मान डोलावली. खरंच सुंदर होती. बाईंनी टाळ थांबवला.

"समुद्र देवाचा. तान कोणाची?"

तो गोरामोरा झाला. मीही झालो, कारण दाद मी दिली होती. त्या तानेपायी तिसऱ्या ते पाचव्या वचनांचा सगळा अर्थच उलटत होता. ती वचनं मोजमापाची आहेत: पृथ्वीचा तळ त्याच्या हातात, डोंगरांची टोकं त्याची, समुद्र त्यानं केला, कोरडी जमीन त्याच्या हातांनी घडली. खाली, वर, ओलं, कोरडं. गाणारा मधे कुठेच नाही. पुढे सातव्या वचनात तो येतो तो मेंढरू म्हणून, त्याच हाताखालचं. गजर इतका मोठा कशासाठी, तर आपण एवढेसे आहोत आणि तरी त्या हातात आहोत म्हणून. तानेनं मेंढरू एकदम डोंगरावर जाऊन उभं राहिलं.

तान गेली. पोरानं ती हसत सोडली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

जाऊबाई मात्र आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. त्यांना तान खटकली नव्हती, ठेका खटकला होता. "हे भजन झालं. उपासना नव्हे. शेजारी काय म्हणतील?" बाईंनी आधी १५० वं स्तोत्र काढलं. शेवटचं. त्यात वाद्यांची यादीच आहे: शिंग, वीणा, सारंगीसारखी तंतुवाद्यं, डफ, बासरी, आणि झांजा तर दोन प्रकारच्या, वर नृत्य. जाऊबाई म्हणाल्या, "ते मंदिरातलं, घरातलं नाही."

मग बाईंनी दावीदाची गोष्ट काढली. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी, यरुशलेमेत आणताना राजा दावीद तागाचं एफोद, म्हणजे याजकाचा साधा झगा, घालून, सगळं बळ लावून परमेश्वरापुढे नाचला. शौलाची मुलगी मीखल, त्याची बायको, खिडकीतून पाहत होती. तिच्या मनातून तो उतरला. घरी आल्यावर तिनं टोमणा मारला की राजानं आज दासींपुढे काय शोभा करून घेतली. दावीदाचं उत्तर साधारण असं: मी परमेश्वरापुढे नाचलो, आणि याहूनही हलका होईन, माझ्याच नजरेत खाली जाईन.

"म्हणजे नाचणं हीच त्याची नम्रता," बाई म्हणाल्या. "राजेपण बाजूला ठेवलं त्यानं. न नाचता ऐटीत चालला असता तर तुम्हाला तो नम्र वाटला असता."

जाऊबाई काही बोलल्या नाहीत. मला मीखलेचं थोडं वाईटही वाटतं. बापानं तिला दावीदाकडून काढून दुसऱ्याला दिलं होतं आणि पुढे दावीदानं त्या दुसऱ्या नवऱ्याकडून परत आणवलं. तो नवरा रडत तिच्या मागे चालत आला होता, असं त्याच पुस्तकात आहे. खिडकीत उभ्या बाईच्या मनात नाचापलीकडेही बरंच असेल. पण ते प्रकरण वेगळं.

तर ठेक्याला मान्यता मिळाली, आणि तरी दुसरी चाल पडलीच. दोष साधा होता. दुप्पट लयीत आम्ही सगळे "पडू पायी, गुडघे टेकून" म्हणत होतो आणि एकही गुडघा टेकत नव्हता. टाळ्या वाजत होत्या, पाठी ताठ. आरतीत फिरायला जागा मिळते, नंतर वाकायलाही मिळते. इथे मी श्वास घ्यायलाही जागा ठेवली नव्हती. नातू घामाघूम, माझी बोटं दुखायला लागलेली, आणि बाई खुर्चीत बसून म्हणाल्या, "आता वाकायचं कधी?"

तिसरी

उपाय सुचला तो संगीताच्या बाजूनंच. स्तोत्रसंहितेत 'सेला' हा शब्द ७१ वेळा येतो. गाण्याचा नाही, गाणाऱ्यांसाठीचा. बरेच अभ्यासक तो वाद्यांच्या विरामाची खूण मानतात. ९५ व्यात तो नाही, पण माझ्या डोक्यात ती थांबण्याची जागा अडकून बसली.

ठरलं ते असं. सूर काळी तीनवरून काळी एकवर आणला. राग तोच भूप, चाल तीच, एक मात्राही वेगळी नाही. फक्त "या हो पडू पायी" ला जी ओळ वर तार षड्जाला सुरू व्हायची ती मध्य षड्जावरून सुरू करून मंद्र पंचमापर्यंत न्यायची: सा, ध, प, ध, सा. काळी एकला बायकांचा गळाही तिथवर उतरतो. तबला समेवर थांबणार, कहोन थांबणार, टाळ मांडीवर. नुसता माणसांचा आवाज. कोमल स्वर नाही, करुण काही नाही. तोच आनंद, जमिनीजवळचा.

बाईंनी दोनदा ऐकलं. काही बोलल्या नाहीत, वहीत त्या कडव्यापुढे बरोबरची खूण केली. पाचवीनंतर पहिल्यांदाच मिळाली मला ती.

शेवटची चार वचनं

इथे खरा तिढा होता आणि तो मी शेवटपर्यंत टाळत होतो. स्तोत्र वाकण्यावर संपत नाही. "आज तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर" अशी अर्धी ओळ येते आणि देव सुनावायला लागतो: मरीबात, मस्सात केलंत तशी मनं कठीण करू नका. गोष्ट मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, सुटून आलेल्या लोकांची. रानात पाणी नाही म्हणून ते आपल्या पुढाऱ्याशी, मोशेशी, भांडले, परमेश्वर आमच्यात आहे की नाही असं विचारू लागले. खडकातून पाणी निघालं. जागेला नाव पडलं मस्सा आणि मरीबा, म्हणजे परीक्षा आणि भांडण. स्तोत्र संपतं ते चाळीस वर्षांच्या चिडीवर आणि एका शपथेवर: हे माझ्या विसाव्यात येणार नाहीत.

वाढदिवसाच्या सभेत हे? इथे मात्र नातू आणि जाऊबाई पहिल्यांदा एका बाजूला झाले: गाळूया. गाळणारे ते पहिले नव्हेत. पाश्चात्त्य मंडळ्यांत हे स्तोत्र शतकानुशतकं सकाळच्या प्रार्थनेच्या आरंभी म्हणत आले आहेत, आणि अमेरिकेतल्या एपिस्कोपल मंडळीनं १७८९ च्या प्रार्थनापुस्तकात हा शेवट काढून त्या जागी ९६ व्या स्तोत्रातली वचनं जोडली. सोळाव्या शतकापासून यहुदी लोक शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाचं स्वागत करताना पहिलं हेच म्हणतात. विसाव्याच्या दिवसाच्या उंबरठ्यावर विसावा नाकारल्याची आठवण. हे मला पाळकसाहेबांनी सांगितलं आणि तेव्हापासून गाळायचं माझ्या मनातून गेलं.

बाईंचं तर आधीच ठरलं होतं. त्यांनी ही वचनं छंदात उतरवलीच नव्हती. वहीत तिथे पान कोरं. "देव बोलतो तिथे मी यमक जुळवणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि तूही चाल लावायची नाहीस. नुसतं वाचायचं."

"पण बाई, खडकापाशी सुरू झालं आणि खडकापाशीच भांडण?"

"तेच तर. ज्याचा जयजयकार केला त्याच खडकाशी ते भांडले होते. गळा काढून गाणारा माणूस दुसऱ्या दिवशी पाण्यावरून भांडतो. मी चाळीस वर्षं नळावर पाहिलंय."

आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

सभा

लोक ठरल्यापेक्षा जास्त आले. निम्मे आमच्या भजनी मंडळातले, कारण बाईंनी सगळ्यांना कधी ना कधी शिकवलेलं. ग्वाल्हेरला हे नवं नाही. इथे तानसेन समारोहाची सुरुवात समाधीपाशी ढोलीबुवांच्या हरिकथेनं आणि मुसलमानांच्या मिलादनं होते, दुसऱ्याच्या देवापुढे मांडी घालून बसायची इथल्या माणसाला सवय आहे.

पहिला भाग जोरात झाला. जाऊबाई टाळ्या वाजवत नव्हत्या, पण गात होत्या, आणि त्यांचा तार षड्ज सगळ्यांत स्वच्छ लागत होता. सम आली. तबला थांबला, कहोन थांबलं. "या हो पडू पायी." आवाज खाली उतरले आणि माणसंही उतरली. काही गुडघ्यावर, काही नुसतीच मान घालून, आमच्या मंडळातल्या दोघांनी सवयीनं सरळ साष्टांग घातला. बाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना टेकता येत नाही. त्या खुर्चीतच पुढे वाकल्या, हात पावलांपर्यंत नेले आणि तशाच राहिल्या.

माझ्याकडून एक चूक झाली. पेटी थांबवायची होती. मी भाता सोडला, पण बोट षड्जावर राहून गेलं. आत हवा शिल्लक होती, त्यामुळे सा एकटाच वाजत राहिला. उंदरानं कुरतडलेली घडी मी ठिगळ लावून बसवली होती, तिथून हवा झिरपत असावी. सूर बारीक होत गेला, थोडा उतरला, थरथरला आणि विझला. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण तोपर्यंत कुणी उठलं नाही. तो संपल्यावरच नातू उभा राहिला आणि त्यानं वाचायला घेतलं: "आज तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर..."

वाचून झाल्यावर पुढे काय करायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. शपथेच्या वाक्यानंतर टाळ्या वाजवता येत नाहीत. स्वयंपाकघरात चहा उकळत होता, त्याचा वास आला. शेवटी पाळकसाहेबांनी आशीर्वाद म्हटला आणि समोसे फिरले. भजनी मंडळातले एक काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चाल झकास, पण शेवट अर्धवट ठेवलास." जाऊबाई बाईंपाशी गेल्या आणि वाढदिवसाला शाप कशाला वाचला म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "ऐंशी वर्षांची झाले म्हणून मन मऊ झालं असं थोडंच आहे?" जाऊबाईंना ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नसावं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी वही परत बोलावली. आता १३१ वं हवंय. तीनच वचनांचं, दावीदाच्या नावावरचं: माझं मन गर्विष्ठ नाही, आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा जीव निवांत केला आहे. त्याला तबला नाही हे ठरलंय, पेटीबद्दल वाद चालू आहे. वही देण्याआधी मी ९५ व्याचं पान पाहिलं. सहाव्या वचनापुढे माझ्या खुणेखाली बाईंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: "इथे भाता सोडणे. बोट उचलू नये."